तीच सुई, वेगळी वेळ

मी आरोग्यसेविका, म्हणजे एएनएम. बारावीनंतर २ वर्षांचा अभ्यासक्रम, परिचर्या परिषदेकडे नोंदणी आणि मग पाटण तालुक्यातल्या डोंगरात एक उपकेंद्र. सपाटीवर ५००० लोकांमागे एक उपकेंद्र धरतात, डोंगराळ भागात ३००० मागे. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, नोंदवह्या हे सगळं असतंच. पण आमची हद्द कुठे संपते ते बाळंतपणाच्या टेबलाशी कळतं.

कळा रेंगाळल्या की घरचे कासावीस होतात. एका सासूबाईंनी माझा हातच धरला. "बाई, कळांची सुई टोचा की! पोरगी पार दमली."

सुई होती. ऑक्सिटोसिन फ्रीजमध्येच होतं. मी दिलं नाही. बाळ पोटात असताना ते दिलं तर गर्भपिशवी इतकी आवळते की बाळाला प्राणवायू पुरत नाही, कधी पिशवीच फाटते. आणि उपकेंद्रात पोट उघडणारं कोण आहे? बाळ बाहेर आलं, पोट चाचपून आत दुसरं नाही अशी खात्री झाली, की तेच औषध १० युनिट लगेच टोचायचं. तेव्हा ते आईला रक्तस्रावापासून वाचवतं.

तोवर पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा आलेख, भरत राहायचा. दर अर्ध्या तासाला कळा आणि बाळाचे ठोके, दर ४ तासांनी पिशवीचं तोंड किती उघडलं ते. त्या पोरीची रेघ इशाऱ्याच्या रेषेपलीकडे गेली तशी मी रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन लावला. "नुसतं पाठवायलाच येतं ह्यांना," असं सासूबाई म्हणाल्या. लागलं मला ते. कुणाला आणि किती वाजता पाठवायचं हे ओळखण्यासाठीच तर मी रात्रभर तिच्या उशाशी बसले होते.

गरोदर बाईला रक्तदाब वाढून झटके आले, तर मात्र मी कुणाच्या हुकमाची वाट बघत नाही. मॅग्सल्फचा, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटचा, पहिला डोस द्यायची आम्हाला मुभा आहे: १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच, खोलवर. फार दुखतं. वेळ चिठ्ठीवर लिहायची आणि तिला गाडीत घालायचं. पुढचे डोस मोठ्या दवाखान्यात, कारण प्रत्येक डोसाआधी श्वास, लघवी आणि गुडघ्याची उडी तपासावी लागते.

एका कुपीत १ ग्रॅम असतं. म्हणून सकाळी कुलूप उघडलं की मी आधी ट्रेमधल्या कुप्या मोजते. ९ कुप्यांत पहिला डोस पुरा होत नाही.