मायक्रोलाइट वैमानिकांच्या कौशल्यचाचण्या व सन्मान

मायक्रोलाइट हे एक किंवा दोन आसनांचे, अत्यंत हलके व कमी वेगाने उडणारे विमान होय. त्याच्या वैमानिकांसाठी आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने (स्थापना १९०५) स्पर्धा, प्रावीण्यपदके व विक्रमनोंदी यांची व्यवस्था केली आहे. भारतात या महासंघाचे प्रतिनिधित्व एरो क्लब ऑफ इंडिया ही संस्था करते. या चाचण्यांत बेभान धाडसाला गुण नसतात. वैमानिकाचा निर्णय किती अचूक, हेच तपासले जाते.

चाचण्यांचे स्वरूप

स्पर्धेतील कामगिरी प्रामुख्याने तीन प्रकारची असते : मार्गशोधन, इंधनबचत आणि अचूक अवतरण. मार्गशोधनात वैमानिक नकाशा, होकायंत्र व घड्याळ यांच्या आधारे ठरलेल्या खुणा शोधतो व आधी जाहीर केलेल्या वेळेशी प्रत्यक्ष वेळ जुळवतो. उपग्रहाधारित दिशादर्शकाची मदत त्याला घेता येत नाही. मात्र मोहोरबंद नोंदयंत्र विमानात असते व उड्डाणानंतर त्यावरून पडताळणी होते. इंधनबचतीत मोजून दिलेल्या इंधनावर जास्तीत जास्त काळ वा अंतर उडून परतावयाचे असते. येथे तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेचा उपयोग करणारा वैमानिक पुढे जातो.

सर्वांत महत्त्वाची चाचणी अचूक अवतरणाची. सुमारे १,००० फुटांवर इंजिन बंद करून, केवळ तरंगत येऊन, आखलेल्या पट्ट्यात उतरावयाचे. इंजिन पुन्हा सुरू करून चूक सुधारण्याची सोय नसते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचे उदाहरण घेतल्यास या चाचणीचे मोल कळते. कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यात इंजिन अकस्मात बंद पडले, तर वरून गादीसारखा भासणारा उभा ऊस फसवा ठरतो. उंच पिकात चाके अडकून हलके विमान उलटू शकते. विजेच्या तारा तर वरून सहसा दिसतच नाहीत, खांबांच्या रांगेवरून त्या ओळखाव्या लागतात. नांगरट न झालेले मोकळे रान निवडणे, साखर कारखान्याच्या धुरावरून वाऱ्याची दिशा ताडणे आणि वाऱ्याच्या सामोरे उतरणे, हे सारे एक-दोन मिनिटांत करावे लागते. आखलेल्या पट्ट्यावरचा सराव अशा वेळी जीव वाचवतो. (काकडी येथील शिर्डी विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला, त्याच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात परवानगीविना उडता येत नाही.)

पदके व सन्मान

महासंघाच्या प्रावीण्यपदकांना ‘कोलिब्री’ म्हणतात. कोलिब्री म्हणजे हमिंगबर्ड हा इवलासा पक्षी. नाव समर्पक आहे. कांस्य, रौप्य व सुवर्ण अशा त्याच्या चढत्या पायऱ्या आहेत. कोलिब्री सन्मानपत्र मात्र वेगळे असून ते मायक्रोलाइटच्या विकासातील योगदानासाठी दिले जाते. विश्वविक्रमाच्या दाव्यास पात्र ठरलेल्या सर्वाधिक गुणवत्तापूर्ण उड्डाणासाठी ब्रिटिश वैमानिक ॲन वेल्च यांच्या नावाचे सन्मानपत्र आहे. भारत सरकारचा तेनझिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार हवाई साहसासाठीही दिला जातो. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत मायक्रोलाइट उड्डाणाचा अनुभव मिळत असल्याने सामान्य घरातील विद्यार्थ्याला या क्षेत्राचे दार तेथूनच उघडते.

भारतीय कामगिरी

मुंबईचे उद्योजक विजयपत सिंघानिया यांनी १९८८ मध्ये लंडन ते अहमदाबाद हा प्रवास मायक्रोलाइटमधून एकट्याने २३ दिवसांत केला. भारतीय हवाई दलाचे विंग कमांडर राहुल मोंगा व अनिल कुमार यांनी १ जून २००७ रोजी हिंडन येथून निघून १९ ऑगस्टला पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. यापूर्वी, २००० मध्ये, ब्रिटनच्या कॉलिन बॉडिल यांना त्यासाठी ९९ दिवस लागले होते.

नोंदीची काटेकोर पडताळणी कशी होते, हे सिंघानिया यांच्याच दुसऱ्या विक्रमावरून दिसते. तो मायक्रोलाइटचा नव्हे, उष्ण हवेच्या फुग्याचा आहे. २६ नोव्हेंबर २००५ रोजी वयाच्या ६७ व्या वर्षी मुंबईहून निघून ते अहिल्यानगर जिल्ह्याला लागून असलेल्या सिन्नर तालुक्यातील पंचाळे येथे उतरले. बातम्यांत ६९,८५२ फूट उंची छापून आली. अधिकृत नोंद मात्र २१,०२७ मीटर, म्हणजे सुमारे ६८,९८६ फूट, इतकीच झाली. पूर्वीचा १९,८११ मीटरचा विक्रम त्यानेही सहज मोडला गेला.