लिंबची बारा मोटांची विहीर १६४१ची नव्हे! शिलालेखाचं गणित समजून घ्या

सातारा : पुणे-बेंगळुरू महामार्गापासून जवळच असलेल्या लिंब गावातली बारा मोटांची विहीर रील्समध्ये हमखास दिसते. मात्र अनेक पोस्टमध्ये तिचं बांधकाम १६४१ सालचं असल्याचं सांगितलं जातं. ते चुकीचं आहे.

गोंधळ कुठे झाला?
शिलालेखातले आकडे शके १६४१ ते १६४६ असे आहेत. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं, म्हणजे १७१९ ते १७२४. सन १६४१ मध्ये शिवाजी महाराज अवघे ११ वर्षांचे होते आणि साताऱ्याचा किल्ला स्वराज्यात आला तो १६७३ मध्ये. ही विहीर छत्रपती शाहू महाराजांच्या काळातली असून ती वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली.

मोट कशी चालायची?
नाड्याला बांधलेली चामड्याची मोट विहिरीत सोडली जाई. बैल उताराच्या धावेवरून खाली जात, तशी भरलेली मोट वर येई. पाणी थारोळ्यात पडून पाटाने बागेला जाई. नाव बारा मोटांचं असलं, तरी इथे सोय १५ मोटांची आहे.

आणखी काय पाहाल?
अष्टकोनी विहिरीतच दगडी महाल आहे. खोली सुमारे ११० फूट असल्याने काठावर फोटो काढताना जपून.

तीनशे वर्षांची ही वास्तू शेअर करताना साल मात्र बरोबर लिहा : १७१९ ते १७२४.