ग्राफिक आलं, पण ‘सिंधुदुर्ग’ तुटला!

मालवणच्या जेटीवरून ड्रोन उडवणारे, तारकर्लीत पाण्याखाली कॅमेरा नेणारे, दशावताराची रात्र मोबाइलवर टिपणारे आपल्याकडे कमी नाहीत. फुटेज भारी येतं. गडबड होते ती पुढे. शीर्षक, नावाची पट्टी, नकाशावर धावणारी रेष असं मोशन ग्राफिक तुम्ही एका सॉफ्टवेअरमध्ये मन लावून बनवता. ते एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकता आणि समुद्र गायब, पडदाभर नुसता काळा चौकोन! तो घालवला, तर ‘सिंधुदुर्ग’ची पहिली वेलांटी भलतीकडेच आणि रफार ‘ग’वरून उतरून वेगळा उभा. आपल्याच जिल्ह्याचं नाव आपल्याच व्हिडिओत असं दिसलं, तर बघणारा बाकीचं काय खरं मानणार?

समजा, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही कुडाळजवळच्या पिंगुळीवर तीन मिनिटांचा माहितीपट करताय. इथल्या ठाकर समाजातल्या कलावंतांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जपलाय. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. तुम्हाला हवंय असं, की चित्रकथीतला रथ गावाच्या फुटेजवरून सरकत जाईल आणि खाली कलावंताचं नाव उमटेल. हे जमवायचं कसं?

काळा चौकोन का येतो?

उत्तर पिंगुळीच्याच खेळात आहे. चामड्याची बाहुली पडद्यामागे प्रकाशात धरतात. बाहुली आहे तिथे सावली, नाही तिथे उजेड. ग्राफिकच्या फाइललाही असा एक हिशेब सोबत ठेवावा लागतो: कुठे चित्र आहे आणि कुठून मागचं आरपार दिसायचंय. त्याला अल्फा चॅनल म्हणतात. आपण सवयीने ज्या एच.२६४ फाइल काढतो, त्यात हा हिशेब राहत नाही. रिकामी जागा काळी होऊन येते.

म्हणून आफ्टर इफेक्ट्समधून काढताना आउटपुट मॉड्यूलमध्ये फॉरमॅट क्विकटाइम, कोडेक प्रोरेस ४४४४ आणि चॅनल्समध्ये ‘आरजीबी प्लस अल्फा’ निवडा. फाइल जड होते, दहा सेकंदांनाही शेकडो एमबी लागू शकतात. पेन ड्राइव्ह रिकामा ठेवा. टाइमलाइनवर आणल्यावर रथाच्या कडेला काळपट रेघ दिसली, तर अल्फा ‘स्ट्रेट’ आहे की ‘प्रीमल्टिप्लाइड’ ते तपासा. बहुतेक वेळा झोल तिथेच असतो.

फोनवर एडिट करताय? मग ग्राफिक एकाच रंगाच्या पार्श्वभूमीवर बनवून क्रोमा कीने तो रंग उडवता येतो. फक्त कोकणाचं भान ठेवा. ग्राफिकमध्ये माड असेल आणि मागे हिरवा रंग, तर झावळ्याही उडतील. माडाला निळी पार्श्वभूमी, समुद्राला हिरवी आणि दोन्ही असतील तर सरळ मजेंटा.

फाइल न्यायची की साचा?

प्रत्येक कलावंताच्या नावासाठी नवी फाइल काढत बसायची गरज नाही. २०१७पासून प्रीमियर प्रोमध्ये मोशन ग्राफिक्स टेम्प्लेट वापरता येतात. आफ्टर इफेक्ट्समध्ये नावाची पट्टी एकदा बनवायची, साचा म्हणून साठवायची आणि प्रीमियरमध्ये फक्त नाव बदलायचं. डायनॅमिक लिंकने मूळ कॉम्पोझिशनही थेट जोडता येतं. तिकडे बदल केला की इकडे दिसतो. पण साध्या लॅपटॉपचा त्यात घाम निघतो. बजेट शून्य असेल तर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घ्या. २०१८पासून त्यातच फ्यूजन आहे. ग्राफिक आणि एडिटिंग एकाच छपराखाली, ने-आणच नको.

आणखी एक. फुटेज ३० फ्रेमचं आणि ग्राफिक २५चं असेल, तर रथ धक्के खात चालतो. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा. रील उभी असेल, तर ग्राफिकही १०८० बाय १९२०मध्येच बनवा. नाव अगदी तळाशी नको. तिथे अ‍ॅपचीच बटणं आणि कॅप्शन येऊन बसतात.

मराठी मराठीसारखी दिसू दे

अक्षरं तुटत असतील तर आफ्टर इफेक्ट्स आणि प्रीमियर, दोन्हींच्या प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन बघा. ‘साउथ एशियन’चा पर्याय असेल तर तो निवडा. फॉन्ट युनिकोड हवा. ‘एक टाइप’चे मुक्त आणि बालू हे फॉन्ट मोफत मिळतात; ‘टिरो देवनागरी मराठी’ तर खास मराठी वळणाचा आहे. ज्या कॉम्प्युटरवर साचा उघडणार, तिथेही तो फॉन्ट असू द्या. आणि एकेक अक्षर टपटप पडणारं टाइपरायटर अ‍ॅनिमेशन टाळा. त्यात मात्रा आणि जोडाक्षरं सुटी होऊ शकतात. शब्दाशब्दाने आणा, तितकंच छान दिसतं.

रेडीमेड टेम्प्लेटचा मोह कुणाला सुटलाय? पण ते वापरलं की मालवण, गोवा आणि बाली, सगळ्यांचे व्हिडिओ सारखेच दिसायला लागतात. चित्रकथीचा रथ तुमच्या व्हिडिओला वेगळा चेहरा देतो. मात्र ते चित्र म्हणजे कुणाची तरी पोटापाण्याची कला आहे. फोटो काढण्याआधी विचारा, कुठे वापरणार ते सांगा, श्रेय द्या.

आणि फायनल एक्सपोर्टच्या आधी ती नावाची पट्टी त्या कलावंतालाच दाखवा. आपलं नाव बरोबर लिहिलंय की नाही, हे त्यांच्याइतकं पक्कं कोण सांगणार?