हिरव्या पाण्याची पीसीआर तपासणी

कोविडच्या दिवसांत ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द घरातल्या आजी-आजोबांनाही पाठ झाला होता. तशीच पीसीआर तपासणी तळ्यांच्या आणि धरणांच्या पाण्यावरही करतात, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. मी बीई झालेला, संगणकावर पोट भरणारा माणूस. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीतच संपला. पण या तपासण्यांतलं बरंचसं काम संगणकच करतो हे कळलं आणि मी या विषयाकडे ओढला गेलो.

याची गरज का पडते, ते अमेरिकेतल्या टोलेडो शहरात काय घडलं ते पाहिलं की कळतं. या शहराला ईरी सरोवराचं पाणी मिळतं. २ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे तिथे सूचना निघाली : नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनसुद्धा पिऊ नका. जवळजवळ ५ लाख लोकांनी दोन-अडीच दिवस बाटलीच्या पाण्यावर काढले. सरोवरात नीलहरित शैवाल माजलं होतं आणि त्याचं ‘मायक्रोसिस्टिन’ नावाचं विष शुद्धीकरणातूनही पुढे आलं होतं. हे विष यकृताला इजा करतं. आपल्याकडे पाण्याच्या कुठल्याही तक्रारीवर ‘उकळून प्या’ हा ठरलेला उपाय. पण उकळल्यानं हे विष जात नाही. पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं. त्याआधी १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू गावात डायलिसिससाठी वापरलेल्या पाण्यात हे विष होतं. तिथे ५० हून अधिक रुग्ण दगावले.

मग पाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं की झालं, असं वाटेल. अडचण तिथेच आहे. ‘मायक्रोसिस्टिस’ या नीलहरित शैवालाचे काही वाण विष बनवतात, काही बनवत नाहीत आणि दिसायला दोन्ही सारखेच. (शास्त्रीय भाषेत हे शैवाल म्हणजे खरं तर प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू.) फरक असतो तो जनुकांत. विष बनवायला १० जनुकांचा एक संच लागतो. त्याला ‘एमसीवाय’ म्हणतात. माझ्या भाषेत सांगायचं तर दोन ॲप्सचा स्क्रीन अगदी एकसारखा, पण एकाच्या कोडमध्ये एक जास्तीचं मॉड्यूल आहे. ते शोधायचं तर कोडच वाचायला हवा.

त्यासाठी पाणी बारीक गाळणीतून गाळतात आणि गाळणीवर अडकलेल्या पेशींतून डीएनए काढतात. मग पीसीआर यंत्रात एमसीवाय जनुकाचा ठरावीक तुकडा दर फेरीला दुप्पट केला जातो. एकाचे दोन, दोनाचे चार करत ३० फेऱ्यांत एका तुकड्याच्या १०० कोटींहून जास्त प्रती होतात. किती फेऱ्यांनंतर यंत्राला संकेत मिळाला, यावरून मूळ पाण्यात ते जनुक किती होतं याचा अंदाज येतो. कोविडच्या अहवालातली ‘सीटी व्हॅल्यू’ आठवते ना, तीच ही. टोलेडो ज्या राज्यात आहे त्या ओहायोनं पुढे पाणीपुरवठा केंद्रांसाठी ही जनुक-तपासणी नियमातच घातली.

दुसरी पद्धत आणखी व्यापक आहे. तिला मेटाबारकोडिंग म्हणतात. इथे एक विशिष्ट जनुक न शोधता, पाण्यातल्या सगळ्यांकडे असलेला एकच डीएनएचा पट्टा वाचतात. दुकानातल्या मालावर बारकोड असतो, तसा. यंत्रातून निघालेली फाइल मी पाहिली तेव्हा ती अगदी ओळखीची वाटली. प्रत्येक नोंदीच्या चार ओळी : नाव, ए-टी-जी-सी ही अक्षरं, एक अधिकचं चिन्ह आणि प्रत्येक अक्षर किती खात्रीनं वाचलं गेलं त्याची खूण. मग चुका गाळायच्या, सारख्या नोंदी एकत्र करायच्या आणि माहितीसाठ्याशी जुळवून नावं लावायची.

‘तारा’ या संशोधन-नौकेनं जगभरच्या समुद्रांतून आणलेल्या नमुन्यांवर असंच काम झालं. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. पेशीकेंद्रक असलेल्या सूक्ष्म जिवांचे सुमारे दीड लाख जनुकीय प्रकार मिळाले आणि त्यांतले एक तृतीयांश प्रकार कुठल्याच ज्ञात गटात बसले नाहीत.

म्हणून सूक्ष्मदर्शक अडगळीत टाकायचा का? मुळीच नाही. माहितीसाठ्यात ज्याचं नावच नाही, त्याला संगणक नाव देऊ शकत नाही. ते नाव लावायला शैवाल ओळखणारा माणूसच लागतो. मेलेल्या पेशींचा डीएनएही काही काळ पाण्यात राहतो. शिवाय विषाचं जनुक सापडलं म्हणजे विष तयार झालंच आहे असंही नाही. जनुक-तपासणी हा आगाऊ इशारा समजावा. विष किती आहे, ते विषाच्या वेगळ्या चाचणीतूनच ठरतं. पण पाणी नळाला येण्याआधी असा इशारा मिळणं पाणीपुरवठा खात्यासाठी मोलाचं असतं.

आपल्या बडोद्याला हा विषय परका नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा जलाशयाचं पाणी शहराच्या काही भागांत आजही येतं. सांडपाणी आणि शेतातली खतं पाण्यात उतरली की त्यांतल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर शैवाल माजतं, हे कुठल्याही तळ्याला लागू आहे. एखाद्या तळ्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली, तर मुलांना आणि कुत्र्याला त्यात उतरू देऊ नका. विषारी की बिनविषारी, हे डोळ्यांनी ठरत नाही.

मंडळातल्या कॉलेजच्या मुलामुलींना एक सुचवतो. अशा नमुन्यांचा डीएनए-डेटा आणि तो तपासायची सॉफ्टवेअर्स इंटरनेटवर मोफत मिळतात. मी स्वतः असा एक नमुना घरच्या लॅपटॉपवर चालवून पाहिला आहे. निघालेल्या नावांपैकी निम्म्यांचा अर्थ मला लागला नाही. तिथे मायक्रोबायोलॉजीवालं कुणी शेजारी असायला हवं होतं. आपल्याकडे दोन्ही शाखांची मुलं आहेत. प्रोजेक्टसाठी जोडी जमवा. कोडची बाजू शिकवायला मी रविवारी मोकळा असतो.