गाठ कापण्याआधी सुई

‘सुई लावली की गाठ चवताळते’ या भीतीपोटी आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात आजही कितीतरी बायका स्तनातल्या गाठीची तपासणी लांबवतात. सुई-बायोप्सीने, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासल्याने, आजार बळावत नाही. बळावतो तो वाया गेलेल्या महिन्यांनी.

आई, बहीण किंवा मुलीला स्तनाचा अथवा बीजकोशाचा कॅन्सर झालेला असेल, किंवा स्वतःत बीआरसीए जनुकातला दोष सापडला असेल, तर धोका इतरांपेक्षा जास्त असतो. अशा बाईच्या मॅमोग्राफीत किंवा सोनोग्राफीत काही संशयास्पद दिसले, तर नुसत्या फोटोवर निदान होत नाही. तुकडा तपासावाच लागतो.

गाठ सोनोग्राफीत दिसत असेल तर काम सोपे. बाई उताणी झोपते. डॉक्टर जागा बधिर करतात, त्वचेवर तिळाएवढी चीर देतात आणि स्क्रीनवर बघत सुई गाठीपर्यंत नेतात. स्टेपलरसारखा ‘खट्’ आवाज येतो. तो आधी सांगून ठेवला की दचकायला होत नाही. सुईच्या खाचेत शेवईच्या तुकड्याएवढा नमुना येतो. असे चार-पाच तुकडे फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतात. निव्वळ चरबी बहुधा तरंगते, गाठीचा तुकडा बुडतो. नंतर दहा-पंधरा मिनिटे जागा दाबून धरायची, पट्टी लावायची आणि घरी जायचे. टाके नाहीत, पूर्ण भूल नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मात्र आधी सांगावी.

फक्त मॅमोग्राफीत दिसणाऱ्या चुन्याच्या बारीक कणांसाठी मॅमोग्राफीच्या, तर फक्त एमआरआयमध्ये दिसणाऱ्या डागासाठी एमआरआयच्या आधाराने सुई नेतात. ही सोय मोठ्या केंद्रांतच मिळते.

लोणीला प्रवरेचे आणि विळद घाटात विखे पाटलांचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. सोनोग्राफी करणारे आणि तुकडा तपासणारे असे दोन्ही विभाग अशा ठिकाणी एका छताखाली असतात. कुणी थेट ‘गाठ काढून टाकू’ म्हटले, तर ‘आधी सुईने तपासता येईल का?’ एवढे विचाराच. कॅन्सर निघाला तर याच तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू या गाठीचा प्रकार सांगणाऱ्या चाचण्या करतात आणि आधी औषध की आधी शस्त्रक्रिया, हे ठरते. गाठ अगोदरच काढलेली असेल, तर आधी औषधाने ती लहान करण्याची संधी हातची जाते.

रिपोर्ट साधा आला, पण फोटो संशयास्पद असेल, तर बायोप्सी पुन्हा करावी लागते. आणि दोन्ही जुळले, तरी घराण्यातला धोका राहतोच. म्हणून डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख चुकवू नका.