बांधावरचा ऊस

दिवाळी सरत आली, की ज्या घरात पदवीच्या शेवटच्या वर्षाचं मूल आहे त्या घरात हल्ली एक शब्द वावरू लागतो : पर्सेंटाइल. नोव्हेंबरअखेर आयआयएमच्या प्रवेशाची ‘कॅट’ असते ना! पूर्वी हा शब्द पुण्या-मुंबईच्या घरांत ऐकू यायचा. आता तो आमच्या खुटबावातही पोहोचला आहे. यवत आणि केडगाव यांच्यामधलं हे छोटं स्टेशन. इथली मुलं-मुली रोज गाडीनं पुण्याला शिकायला आणि नोकरीला जातात. येताना शब्दही घेऊन येणारच.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. त्यामुळे गावातली कर्जाची आणि शिक्षणाची कागदपत्रं अजूनही माझ्या ओसरीवर येतात. गेल्या वर्षी एक ऊस-बागायतदार मुलीला घेऊन आले. मुलगी बी.कॉम. झालेली, पुण्यात हिशेबाची नोकरी करणारी. कॅटच्या सराव परीक्षेत तिला ८२ पर्सेंटाइल मिळाले होते.

“म्हंजे फस्टक्लासच की, साहेब! नंबर लागंल ना?” वडिलांनी विचारलं.

मुलगी गप्प होती. नोकरी सोडून वर्षभर अभ्यास करावा का, हा तिचा प्रश्न होता. एक एकर गहाण टाकावं का, हा त्यांचा.

मी कागद पुढे ओढला. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत. आपल्या मागे शेकडा किती जण आहेत, त्याचा हिशेब. २०२४ साली कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार मुलं बसली. तेवढ्या गर्दीत ८२ पर्सेंटाइल म्हणजे पुढे बावन्न हजारांहून अधिक मुलं. ९९ मिळाले तरी पुढे तीन हजारांच्या आसपास उरतातच. आणि अहमदाबादच्या दोन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमाच्या जागा चारशेच्या घरात! शिवाय सराव परीक्षेला बसणारी मुलं आणि खऱ्या परीक्षेची गर्दी सारखी नसते. म्हणून सरावाचा आकडा हा अंदाज, निकाल नव्हे.

वडिलांचा चेहरा उतरला. पण हिशेब एवढ्यावर थांबत नाही. आम्ही कागदाचे दोन भाग केले. एका बाजूला जे आता बदलणार नाही ते : दहावी, बारावी, पदवीचे गुण. अहमदाबादसारख्या संस्था मुलाखतीला बोलावताना हेही धरतात. काही आयआयएम मुलींना आणि अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांना थोडे जादा गुण देतात. तीही जमेची बाजू. दुसऱ्या बाजूला जे अजून हाती आहे ते : परीक्षेचे तीन विभाग. इंग्रजी चांगलं, गणित कच्चं, असं असेल तर बेरीज चांगली येऊनही गाडी अडते, कारण अनेक ठिकाणी प्रत्येक विभागात किमान पातळी गाठावी लागते. मुलीचं गणितच मागे होतं. म्हणजे काम कुठे करायचं, हे कळलं.

मग मी वडिलांना विचारलं, “उसाला एकरी किती टन पडेल, हे तुम्ही कसं ठरवता? बांधावरचा ऊस बघून?”

ते हसले. “बांधावरचा जोरातच असतोय, साहेब. मधी शिरून बघावं लागतं.”

क्लासच्या जाहिरातीतले हसरे चेहरे म्हणजे बांधावरचा ऊस. त्यांच्यावरून आपल्या पोरीचं टनेज काढू नये. आपल्यासारखेच गुण, आपलाच प्रवर्ग, आपलीच पदवी असलेल्यांना काय मिळालं, ते बघावं. राज्याच्या एमबीए सीईटीत हे सोपं आहे. मुंबईची जमनालाल बजाज किंवा पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग यांच्या मागच्या वर्षीच्या प्रवेशाचे आकडे फेरीनिहाय, प्रवर्गनिहाय जाहीर होतात. दोन-तीन वर्षांचे शेजारी मांडले, की शेताच्या मध्यात शिरल्यासारखं होतं.

राहिला एकराचा प्रश्न. एका खासगी संस्थेत लगेच प्रवेश मिळत होता. फी भरली की झालं. इथे बँकेतला अनुभव कामी आला. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत हमी योजनेमुळे सहसा विनातारण मिळतं. त्यापुढे तारण मागतात. पण आयआयएमसारख्या निवडक संस्थांसाठी अनेक बँका त्याहून कितीतरी मोठी रक्कम तारणाशिवाय देतात. का? तिथून बाहेर पडलेला मुलगा हप्ते फेडतो, असा त्यांचा हिशेब असतो. तेव्हा एखाद्या संस्थेसाठी बँक जमीन मागत असेल, तर आपणही थबकून विचारावं, की बँकेला भरवसा नाही तिथे आपण एकर का लावायचा? जिथे शिरणं फार सोपं, तिथून फेडणं बहुधा अवघड.

मुलीनं नोकरी सोडली नाही. गाडीत गणित करायचं, कॅट आणि सीईटी दोन्ही द्यायच्या, फी किती झेपेल त्याची मर्यादा आधीच ठरवायची, आणि त्यात बसेल तिथेच जायचं, असं ठरलं. जमीन कागदावर आलीच नाही.

‘लागेल का?’ हा प्रश्न आपण मुलांना फार विचारतो. ‘न लागलं तर काय?’ आणि ‘लागलं तर परवडेल का?’ हे दोन प्रश्न मात्र राहून जातात. फॉर्म भरण्याआधी एका रविवारी आई-वडील आणि मूल, तिघांनी कागद घेऊन बसावं आणि तिन्ही उत्तरं लिहून काढावीत. परीक्षेच्या दिवशी मुलाच्या डोक्यावर मग फक्त परीक्षेचंच ओझं राहील, घराचं नाही.