ॲक्रिलिकमध्ये लाल कंधारी

लाल कंधारी बैलाचे चित्र फसते ते बहुतेक वेळा लाल रंगापायीच. ही जात मूळची नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची, पण परभणीच्या गोठ्यांतही चांगली रुळलेली. अंगाचा रंग फिकट तांबड्यापासून काळपट तपकिरीपर्यंत जातो. वळू गाईपेक्षा गडद असतो. ट्यूबमधला तयार तांबडा थेट लावला की जनावर खेळण्यातले वाटते. पाया बर्न्ट सिएनाचा धरावा. उजेडाच्या बाजूला त्यात पिवळा ऑकर आणि सावलीत अल्ट्रामरीन निळा मिसळावा. काळ्याने सावली केली की लाली मरते.

चित्र ज्यावरून काढायचे तो फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात, बैलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढावा. मोबाइल फार जवळ नेला तर नाकाड मोठे आणि वशिंड लहान येते, म्हणून चार पावले मागे सरून झूम करावे. पोळ्याच्या दिवशी बैल देखणा दिसतो खरा, पण रंगवलेली शिंगे, बाशिंग आणि झूल यांखाली त्याची ओळख झाकली जाते. पोळ्याआधीचाच फोटो घ्यावा.

पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक कलाकारांच्या हाती १९५५ च्या सुमारास आले. ते लवकर वाळते, हाच त्याचा गुण आणि हीच अडचण. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशीपार असतो. रंग ताटलीतच आळतो. ताटलीत ओले फडके, त्यावर बटर पेपर आणि मग रंग, अशी सोय करावी. पंखा बंद ठेवून सकाळीच बसावे. वाळल्यावर रंग किंचित गडद होतो, तेव्हा छटा थोडी उजळच कालवावी.

खरा वेळ द्यावा तो डोळ्याला. भोवती काळे वलय, आडवी लांबट बाहुली, वरच्या पापणीची सावली आणि खालच्या कडेला ओलसर चमक. ही चमक बारीक ब्रशने शेवटी द्यावी. कपाळावरचा भोवराही नीट पाहावा. प्रत्येक बैलाचा भोवरा वेगळा असतो आणि शेतकरी त्यावरून जनावर ओळखतो. भोवऱ्यापासून केस ज्या दिशेने वळतात, त्याच दिशेने ब्रश ओढावा.

चित्र पूर्ण वाळल्यावर, दोनेक आठवड्यांनी वॉर्निश लावावे. मग काचेची गरज उरत नाही. मागच्या बाजूला बैलाचे नाव आणि साल लिहायला विसरू नये.